हिरामावशीची झोप आणि दीपालीचं मशीन

दुकानात येणारं नवं गिऱ्हाईक पहिला प्रश्न मला विचारत नाही, माझ्या मागच्या भिंतीला विचारतं. “साहेब आहेत का?” मागे पंख्यांचे खोके आणि एक कॅलेंडर आहे, त्यातून साहेब काही बाहेर येत नाहीत. मग मी म्हणते, “साहेब मीच. काय झालंय मशीनला?” काही जण हसतात, काही ओशाळतात. एक गृहस्थ “नंतर येतो” म्हणून गेले ते आलेच नाहीत. अंधेरीतल्या या एवढ्याशा गाळ्यात मी अठ्ठावीस वर्षं कॉम्प्युटर जोडते आणि दुरुस्त करते. त्याआधी टायपिंग क्लासमध्ये शिकवायचे. तिथे टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, आणि ते दुरुस्त करणारा माणूस सांगितल्या वेळी कधीच आला नाही. एक दिवस वैतागून मीच स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला. माझ्या करिअरची गोष्ट तिथेच सुरू होते आणि तिथेच संपते, कारण पुढची सगळी वर्षं मी तेच करत आले आहे.

मार्च उजाडला की फोन सुरू होतात. “मॅडम, मशीन आपोआप बंद पडतं.” ज्यांनी कॉम्प्युटरचं पोट कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आत प्रोसेसर नावाची एक चकती असते, क्रीमच्या बिस्किटाएवढी. सगळं डोकं चालवते ती, आणि काम वाढलं की तापते. तिच्यावर पातळ पातळ पत्र्यांचा एक धातूचा ठोकळा बसवलेला असतो आणि ठोकळ्याला पंखा. चकतीची उष्णता ठोकळ्यात चढते, पंखा ती उडवून लावतो. दोघांमध्ये फट राहू नये म्हणून मलमासारखी पेस्ट लावतात. ती वाटाण्याएवढी पुरते. लोक मात्र पोळीला तूप लावावं तशी थापतात. एवढं करूनही चकती फार तापली तर जळण्याआधी ती मशीनच बंद करून टाकते. लोकांना वाटतं, बिघडलं. खरं म्हणजे ते शहाण्यासारखं थांबलेलं असतं.

मग गिऱ्हाईक म्हणतं, “चांगला कूलर बसवून टाका, पण बजेटमध्ये.” कूलर म्हणजे तो ठोकळा आणि पंखा मिळून. बजेट हा शब्द प्रत्येक जण खाली बघूनच उच्चारतो, जणू मी त्याच्या खिशात हात घालणार आहे. मी कधी घातला नाही, हे मात्र छातीवर हात ठेवून सांगते. दहापैकी सहा मशीनना नवं काही लागतच नाही. भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, रंगाच्या ब्रशने धूळ काढा, पेस्ट बदला, झालं. धुळीने बुजलेल्या मशीनला महागडा कूलर बसवणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. एकदा एक कॉलेजकुमार पाण्यावर चालणारा कूलर मागायला आला. त्यात नळ्या असतात, आतून पाणी फिरतं, बाहेर जांभळे-हिरवे दिवे लागतात. त्याचं मशीन उघडलं तर आतला प्रोसेसर त्या कूलरच्या निम्म्या किमतीचा. “नाकापेक्षा मोती जड होतोय रे,” मी म्हणाले. तो म्हणाला, “पण मॅडम, लायटिंग?” मी म्हणाले, “लायटिंग गणपतीत कर.” साधा पंखा घेऊन गेला. तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं.

बोरिवलीचे एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी सुताराकडून कॉम्प्युटरसाठी खास कपाट करून घेतलं होतं. सनमायका, काचेची दारं, वर कुलूप. “धूळ म्हणून जात नाही हो!” ते अभिमानाने म्हणाले. धूळ जात नव्हती, तशी हवाही जात नव्हती. शिवाय कोणीतरी पुढचा आणि मागचा असे दोन्ही पंखे आत फुंकतील असे उलटे बसवून दिले होते. मी त्यांच्या देवघरातली उदबत्ती मागितली, पेटवली आणि मशीनच्या मागे धरली. धूर बाहेर पडण्याऐवजी आत ओढला गेला. मास्तर चकित. बायको म्हणाली, “चला, यांच्या मशीनची एकदा पूजा तरी झाली.” मी एक पंखा फिरवून बसवला, कपाटाची दारं काढायला लावली आणि फक्त फेरीचे पैसे घेतले. हवेची दिशा बघायला अजून मी उदबत्तीच वापरते. ती कधी खोटं बोलत नाही आणि बॅटरी लागत नाही.

असे किस्से पुष्कळ आहेत, आणि ते सांगताना मी नेहमी शहाणी ठरते. आता जिथे शहाणी ठरले नाही तो किस्सा सांगते. तो आजवर मी कोणाला सांगितलेला नाही.

खारदांड्याच्या कोळीवाड्यातून दीपालीचा फोन आला तेव्हा मे महिना होता. मुलगी सव्वीस-सत्तावीसची. बिल्डर लोक जाहिरातीत घरांची चित्रं दाखवतात ना, सोफा, पडदे, खिडकीतून ऊन, ती चित्रं कॉम्प्युटरवर करायला ती शिकली होती. एका ऑफिसने तिला परीक्षा म्हणून सात चित्रं करायला दिली होती. दोन आठवड्यांनी, सोमवारी द्यायची. पसंत पडली तर घरबसल्या कायमचं काम. एकेक चित्र तयार व्हायला मशीन तीन-चार तास जिवाच्या आकांताने चालतं, आणि तिचं मशीन तासाभरात बंद पडत होतं.

मी गेले तेव्हा दुपार होती. एकच खोली, वर पोटमाळा. पलंगावर तिची आई पडली होती आणि पलंगाच्या पायथ्याशी टेबलाखाली मशीन. आई म्हणजे हिरामावशी. पहाटे धक्क्यावर जायची, मासळी घ्यायची, सांताक्रूझच्या बाजारात दीडपर्यंत बसायची, घरी येऊन आंघोळ, जेवण आणि मग दोन-अडीच तास झोप. चोवीस तासांत तिची सलग झोप ती तेवढीच. नवरा होडीवर, आठ-आठ दिवस समुद्रात. हे सगळं तिने मला पडल्या पडल्या सांगितलं, मी न विचारता. वर म्हणाली, “पोरीचा काम होऊंदे गो बाय. माझी पाटी तिच्या डोक्यावर नको.”

मी मशीन उघडलं. प्रोसेसर दमदार होता, पण सेकंडहँड. त्यावरचा कूलर मात्र चहाच्या बशीएवढा, खोक्यात फुकट येतो तसला. धूळ नव्हती, पेस्ट ठीक होती. म्हणजे इथे खरंच कूलर बदलायला हवा होता. बजेट दीड हजाराचं. तेवढ्यात उभा, उंच पत्र्यांचा कूलर येतो. ठोकळा चांगला, पण कंपनी पैसे वाचवते ते पंख्यात. मी तो बसवला, चित्र लावलं. शंभराला टेकणारं तापमान ऐंशीच्या खाली येऊन थांबलं. दीपालीने टाळी वाजवली. मीही खूश. एवढ्या पैशात इतका फरक करून दाखवणारा दुसरा कोणी अंधेरीत नाही, असं मनात म्हटलं.

पंखा मात्र पूर्ण वेगाने किंचाळत होता. पलंगावरून आवाज आला, “बाय, ही तर पिठाची गिरन हाय.”

“आवाज येतोय म्हणजे काम चाललंय मावशी,” मी हत्यारं गोळा करत म्हणाले. “सवय होईल.”

“इतका गरम कशाला होते पन ते?”

समोरच्याला त्याच्या धंद्यातलं उदाहरण देऊन समजावायचं ही माझी जुनी खोड. टायपिंग क्लासपासूनची. शिंप्याला शिवणयंत्राचं देते, रिक्षावाल्याला इंजिनाचं. हिरामावशीला म्हणाले, “तुमच्या म्हावऱ्यासारखंच आहे बघा. थंड राहिलं तर टिकतं, तापलं की नासलं.”

“असा होय,” ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर समजल्याचं समाधान दिसलं आणि मी माझ्याच पाठीवर थाप मारून घेतली.

चार दिवसांनी दीपालीचा फोन. आवाजात रडू. मशीन पुन्हा बंद पडत होतं. मी विचारलं, पंखा पूर्ण वेगाने चालतोय ना? ती म्हणाली, “मॅडम, मी कमी करून ठेवते. आई झोपते ना.” ती दुपारी तीन ते पाच जवळच्या एका क्लासमध्ये मुलांना चित्रकला शिकवायची. जाताना मशीनला काम लावून द्यायची आणि आईची झोप मोडू नये म्हणून पंख्याचा वेग उतरवायची. परत येईपर्यंत मशीन बंद. मी म्हणाले, “अगं, मग काम आणि झोप दोन्ही नाही जमायचं. एक काय ते ठरव.” हे मी सहज बोलले. आज लिहितानाही लाज वाटते.

त्यानंतर पाच-सहा दिवसांनी पुन्हा फोन, पण या वेळी सूर वेगळा. “मॅडम, झकास चाललंय! चार दिवस झाले, एकदाही बंद नाही. पंखा हळू ठेवलाय तरी! पाच चित्रं झाली.” मी म्हणाले, “पेस्टला बसायला थोडे दिवस लागतात.” असं थोडंफार होतं, अगदीच खोटं नाही. पण एवढा फरक पेस्टने पडत नाही हे मला ठाऊक होतं. गिऱ्हाईक खूश असलं की शंका घ्यायची नाही, ही आमच्या धंद्यातली वाईट सवय. मी श्रेय घेतलं आणि फोन ठेवला.

शनिवारी सकाळी दोघी मायलेकी रिक्षातून दुकानात आल्या. मशीन हिरामावशीच्या मांडीवर, पदराने झाकलेलं. शुक्रवारपासून चालूच होत नव्हतं. सोमवारी चित्रं द्यायची आणि दोन बाकी.

मी झाकण काढलं आणि बोंबलाचा वास आला.

अठ्ठावीस वर्षांत मी मशीनमध्ये झुरळं पाहिली, पाल पाहिली, एकदा हरवलेलं कानातलं सापडलं. पण मासळीचा वास पहिल्यांदाच. वरच्या पत्र्याला आतून पांढरे ओघळ होते, खाऱ्या पाण्याचे. प्रोसेसर ज्यावर बसतो त्या बोर्डावर, त्याच्या शेजारीच, हिरवट बुरशीसारखा थर चढला होता. मान वर केली तर हिरामावशी माझ्याकडे बघत नव्हती. ती माझ्या मागच्या खोक्यांकडे बघत होती.

मला सगळं त्या क्षणी कळलं. पोर क्लासला गेली की बाजारातून उरलेला बर्फ, ओल्या गोणपाटात गुंडाळून, मशीनच्या डोक्यावर. म्हावरं तसंच टिकवतात. आणि ते टिकलंही, चार दिवस! पत्रा गार, आतली हवा गार, पंखा हळू, मशीन सुरू. पण गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसा त्या गार पत्र्याला आतून घाम आला, गोणपाटातलं खारं पाणी फटीतून झिरपलं, आणि थेंब थेंब बोर्डावर पडत राहिलं.

“काय झालंय मॅडम?” दीपालीने विचारलं.

“खारी हवा,” मी म्हणाले. “समुद्राजवळ होतं असं.”

“चार दिवसांत?”

“कधी कधी होतं.”

हे खोटं मी कोणासाठी बोलले? तेव्हा वाटलं, त्या बाईसाठी. पोरीसमोर तिची मान खाली जाऊ नये म्हणून. पण खरं सांगायचं तर मला माझं वाक्य आठवत होतं, थंड राहिलं तर टिकतं, आणि ते कोणी मोठ्याने बोलून दाखवू नये एवढीच माझी धडपड होती. खाऱ्या हवेवर ढकललं की मीही सुटत होते.

नशीब एवढंच, की चित्रं साठवलेली डिस्क शाबूत होती. मी ती काढून दुकानातल्या माझ्या मशीनला लावली आणि दीपालीला म्हणाले, “बस इथेच. माझं काम दोन दिवस थांबेल.” तिने पर्स खाली ठेवली आणि लगेच बसली. हिरामावशी दारात जरा वेळ उभी राहिली आणि गेली.

रविवारी दुपारी दीड-दोनचा सुमार. दीपालीचं शेवटचं चित्र चालू होतं. हिरामावशी बाजारातून थेट आली, रिकामी पाटी काखेत. घरी जाऊन झोपायची तिची ती वेळ. पाटी पायरीवर ठेवली आणि उभ्या उभ्याच लेकीला म्हणाली, “हवा नाय गो. मी बरफ ठेवलेला मशीनवर.”

दीपाली वळली. “काय?”

“तू पंखा हलू करून जायाचीस. मना म्हाईत व्हता. तू येवन ते बंद बघायचीस, नि काय बोलायची नाय. मग मी बरफ ठेवला. तू यायच्या आधी काढायची.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तू कशाला खोटा बोललीस बाय? म्हावरा विकताना बोलते मी खोटा. शिळ्याला ताजा बोलते. पोरीशी नाय बोलत.”

माझ्या वयाच्या बाईला असं कोणी फटकारलं की राग येतो. मला आला नाही. मी स्टूल पुढे सरकवलं आणि सांगून टाकलं. “दीपाली, बर्फाची अक्कल मावशीला मी दिली. म्हावऱ्यासारखं थंड ठेवा म्हणाले. ओलं करू नका हे सांगायचं राहिलं. आणि काल खोटं बोलले ते स्वतःला वाचवायला.”

“तू बोललीस, पन ठेवला मीच ना,” हिरामावशी म्हणाली.

दीपाली दोघींकडे आळीपाळीने बघत होती. रागावली असती तर तिचा हक्क होता. तिची परीक्षा आम्ही दोघींनी मिळून बुडवत आणली होती. तिने आईला एकच विचारलं. “त्या चार दिवसांत तू झोपलीस तरी का?”

“झोपली गो,” हिरामावशी ओशाळून म्हणाली. “लय मस्त झोपली.”

पोरगी हसायला लागली आणि हसता हसता रडली. मी उगाच स्क्रू मोजत बसले.

सोमवारी चित्रं गेली. गुरुवारी दीपालीने कळवलं की पसंत पडली, पुढच्या महिन्यापासून काम सुरू. माझ्याकडे एक जुना पण धडधाकट बोर्ड होता, तो मी तिच्या मशीनला बसवला. कूलरचा ठोकळा बचावला होता, नुसता धुवून घेतला. प्रश्न पंख्याचा होता. या वेळी मी किंमत बघितली नाही की तापमानाचा तक्ता उघडला नाही. वेगवेगळे तीन पंखे पिशवीत टाकले आणि शनिवारी अडीच वाजता, मुद्दाम हिरामावशीच्या झोपेच्या वेळी, खारदांड्याला गेले.

“मावशी, नेहमीसारख्या पडा,” मी म्हणाले. “आज कूलर तुम्ही निवडायचा.”

“मना काय कलते त्यातला?”

“झोप कळते ना? बस.”

ती पलंगावर आडवी झाली, तोंड भिंतीकडे. दीपालीने मोठ्यात मोठं चित्र लावलं, मशीनला घाम फुटेल असं. पहिला पंखा मी जोडला. तापमान छान राहिलं, पण त्याला बारीक शिट्टी होती. दोन मिनिटांत पलंगावरून आवाज आला, “हा डास हाय.” काढला. दुसरा आकाराने मोठा होता. मोठा पंखा हळू फिरला तरी छोट्याइतकीच हवा ढकलतो, आणि हळू फिरणाऱ्याचा सूर खाली असतो. तो ठोकळ्याला नीट बसेना, म्हणून मी कडेला रबराचे तुकडे लावून बांधला. चालू केला. दूरवर कुठेतरी होडीचं इंजिन चालावं तसा आवाज, तोही कान दिला तर. पडद्यावर तापमान चढत गेलं. सत्तर, पंचाहत्तर, ऐंशी. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. ब्याऐंशीला ते थांबलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, तिथेच.

“आता हा कसा वाटतो मावशी?” मी विचारलं.

तिचा खांदा संथ वर-खाली होत होता.

दीपाली माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, “मॅडम, तिसरा?”

मी पिशवीची चेन हळूच लावली, चपला हातात घेतल्या, आणि गल्लीच्या तोंडाशी आल्यावर पायात घातल्या.